कोपऱ्यातलं पात्र बोलू लागतं तेव्हा : पुनर्कथनाच्या कादंबऱ्या कशा निवडाव्यात, कशा वाचाव्यात

वारणावतातलं लाखेचं घर जळतं ती रात्र मराठी घरांतल्या मुलांनी गोष्टीतून कितीतरी वेळा ऐकलेली असते. विदुराने पाठवलेला माणूस भुयार खणतो, भीम घराला आग लावतो आणि आई व पाच भाऊ अंधारात निसटतात. हस्तिनापुरात मात्र पांडव मेले म्हणून सुतक पाळलं जातं. लोकांची अशी खात्री का पटते? राखेत सहा प्रेतं सापडतात म्हणून. आदिपर्वानुसार कुंतीने त्या दिवशी अन्नदान केलं होतं. एक निषाद स्त्री आपल्या पाच मुलांना घेऊन जेवायला आली, सगळ्यांनी मद्य घेतलं, तिथेच झोपली आणि जळून गेली. तिचं नाव सांगितलेलं नाही, मुलांची नाहीत. दोन-तीन श्लोकांत तिची हकिकत संपते आणि महाभारत पांडवांच्या मागोमाग अरण्यात शिरतं.

बंगाली लेखिका महाश्वेता देवी त्या राखेपाशी थांबल्या. त्यांच्या 'कुंती ओ निषादी' या कथेत युद्ध संपलं आहे. धृतराष्ट्र आणि गांधारी यांच्यासोबत वनात राहायला आलेली म्हातारी कुंती कर्णाच्या आठवणीने व्याकुळ आहे, मनातल्या मनात आपल्या पापाचा उच्चार करते आहे. अशा वेळी एक निषाद बाई तिच्यासमोर येऊन उभी राहते. ती असते लाक्षागृहात जळालेल्या त्या बाईची सून. कुंतीने मनात बाळगलेल्या पापांच्या यादीत ती सहा माणसं कुठेच नसतात. ही कथा वाचून आदिपर्व पुन्हा उघडणाऱ्याला ते दोन-तीन श्लोक ओलांडून पूर्वीसारखं झटकन पुढे जाता येत नाही.

जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या कथेतलं एखादं दुय्यम पात्र उचलायचं आणि तीच कथा त्याच्या जागेवरून सांगायची, या प्रकारातली पुस्तकं गेल्या काही दशकांत जगभर भराभर आली आहेत. दुकानात गेलं की ऊर्मिला, शूर्पणखा, मंदोदरी, सर्सी, पेनेलपी अशी नावं मुखपृष्ठांवर दिसतात. त्यातली काही पुस्तकं मूळ ग्रंथाइतकी टिकतील अशी आहेत, तर काही केवळ ओळखीच्या नावावर विकली जाणारी. निवड कशी करावी, वाचताना काय तपासावं, मूळ ग्रंथ आधी वाचावा की नंतर, आणि चार जणांनी मिळून वाचायचं असेल तर कसं, याचा हा आराखडा आहे.

ही परंपरा आपलीच आहे

हा प्रकार पाश्चात्त्य आणि अगदी अलीकडचा, असा एक समज आहे. तो सुरुवातीलाच दूर करायला हवा. भासाने 'कर्णभार' आणि 'ऊरुभंग' ही नाटकं लिहिली तेव्हा महाभारतातला प्रकाशझोत पांडवांवरून हलवून त्याने कर्णावर आणि मांडी मोडून पडलेल्या दुर्योधनावर नेला. त्याच्याच 'प्रतिमा' नाटकात कैकेयी आपली बाजू मांडते : चौदा दिवस म्हणायचं होतं, मनाच्या गोंधळात तोंडून चौदा वर्षं निघून गेलं. तेलुगू बायकांच्या गाण्यांत ऊर्मिलेची चौदा वर्षांची झोप पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली.

या प्रकाराचा पायाच म्हणावा असा लेख रवींद्रनाथ ठाकुरांचा आहे. 1907 साली निघालेल्या 'प्राचीन साहित्य' या त्यांच्या संग्रहात 'काव्येर उपेक्षिता' नावाचा निबंध आहे. कवींनी ज्यांना जन्म दिला आणि मग वाऱ्यावर सोडलं अशा स्त्रियांबद्दल तो लिहिलेला आहे. रामायणातली ऊर्मिला, 'शाकुंतला'तल्या अनसूया-प्रियंवदा आणि बाणभट्टाच्या 'कादंबरी'तली पत्रलेखा या त्यातल्या प्रमुख. पुढे महावीरप्रसाद द्विवेदींनी हिंदी कवींना ऊर्मिलेकडे झालेल्या दुर्लक्षाची जाणीव करून दिली आणि मैथिलीशरण गुप्तांच्या 'साकेत'मध्ये ती मध्यभागी आली. समीक्षकाने बोट ठेवावं आणि कवीने काव्य लिहून उत्तर द्यावं, असा हा दुर्मीळ योग आहे.

मराठीत हे काम प्रामुख्याने कादंबरीने केलं. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'त (1959) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तीन निवेदक आहेत. आदिपर्वातली शर्मिष्ठा राजकन्या असून दासी होते. खांडेकरांनी तिला स्वतःच्या तोंडाने बोलू दिलं. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (1967) कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, कर्णाची पत्नी वृषाली, धाकटा भाऊ शोण आणि शेवटी कृष्ण असे सहा आवाज आहेत. सावंतांनीच 'युगंधर'मध्ये (2000) कृष्णाच्या चरित्राचा एक भाग त्याच्या सारथ्याकडे, दारुकाकडे सोपवला. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आणि दुर्गा भागवतांचं 'व्यासपर्व' ही दोन्ही निबंधांची पुस्तकं. पण गांधारी, कुंती, विदुर यांच्याकडे माणूस म्हणून कसं पाहावं, हे मराठी वाचक त्यांतूनच शिकला.

पहिली परीक्षा : फट खरी आहे का?

पुस्तक हातात घेतल्यावर पहिला प्रश्न विचारावा तो हा : लेखक मूळ कथेत कोणत्या फटीतून शिरला आहे? प्रत्येक मोठ्या ग्रंथात अशा फटी असतात. कुणाचं तरी नाव सांगायचं राहिलेलं असतं, कुणीतरी एका ओळीत मरतं, एखादी बाई सबंध काव्यात हजर असूनही बोलत नाही. चांगलं पुनर्कथन अशा एका नेमक्या जागेवर उभं असतं.

जो बेकर यांची 'लाँगबोर्न' (2013) हे याचं उत्तम उदाहरण. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (1813) एलिझाबेथ आजारी बहिणीला भेटायला तीन मैल चिखल तुडवत जाते आणि तिच्या परकराला सहा इंच चिखल लागतो. त्या चिखलावरून श्रीमंत बायका नाकं मुरडतात आणि एलिझाबेथचा स्वतंत्र बाणा वाचकाला आवडून जातो. बेकर यांचा प्रश्न साधा आहे : तो परकर धुतला कुणी? त्यांच्या कादंबरीत सेरा नावाची मोलकरीण पहाटे उठून, थंडीने फुटलेल्या हातांनी तो घासते. ऑस्टिनची एकही घटना त्यासाठी बदलावी लागलेली नाही. नाचाचा समारंभ तोच आणि पाहुणेही तेच. वाचक फक्त दिवाणखान्यातून उठून मोरीपाशी येऊन बसतो.

अर्सुला ले ग्विन यांनी 'लाविनिया'साठी (2008) अशीच जागा निवडली. व्हर्जिलच्या 'इनीड'मध्ये जिच्याशी लग्न करण्यावरून उत्तरार्धातलं सगळं युद्ध पेटतं, ती लाविनिया त्या महाकाव्यात एक शब्दही बोलत नाही. कामेल दाऊद यांनी आल्बेर काम्यूची 'परका' म्हणून ओळखली जाणारी कादंबरी (1942) घेतली. त्यात नायक समुद्रकिनाऱ्यावर एका माणसाला गोळ्या घालतो, पण त्या मृताचा उल्लेख सबंध कादंबरीभर केवळ 'अरब' असाच येतो. 2013 साली अल्जीरियात निघालेल्या दाऊद यांच्या कादंबरीत त्या मृताचा भाऊ हारून ओरान शहरातल्या एका दारूच्या गुत्त्यात बसून सांगतो की माझ्या भावाला नाव होतं, मूसा.

याच्या उलट, मूळ ग्रंथात जागाच नसताना घुसवलेली पुस्तकंही असतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. पात्राचं नाव आणि गावाचं नाव बदललं तर कथा तशीच चालेल का, हे पाहावं. चालत असेल तर जुन्या ग्रंथाचा उपयोग जाहिरातीपुरताच झाला आहे.

दुसरी परीक्षा : आधी, मागे की नंतर?

दुय्यम पात्राची गोष्ट मूळ कथेच्या काळाशी तीन प्रकारे जोडलेली असू शकते, आणि कोणता प्रकार आहे हे आधी ओळखलं तर वाचन सोपं होतं.

काही पुस्तकं मूळ कथेच्या आधी घडतात. जीन ऱ्हिस यांची 'वाइड सारगासो सी' (1966) ही यातली सर्वांत गाजलेली. शार्लट ब्राँटीच्या 'जेन एअर'मध्ये (1847) रॉचेस्टरच्या वाड्याच्या माळ्यावर एक वेडी बायको कोंडलेली आहे. ती किंचाळते, चावते आणि शेवटी वाड्याला आग लावून स्वतः मरते. जेनच्या लग्नातला अडथळा एवढंच तिचं काम. ऱ्हिस स्वतः कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका बेटावर 1890 साली जन्मल्या होत्या. वेस्ट इंडीजमधली मुलगी ब्राँटीने अशी जनावरासारखी रंगवावी, हे त्यांना खुपत राहिलं. त्यांनी जमैकातल्या गुलामी संपल्यानंतरच्या उजाड मळ्यांत वाढणारी आंत्वानेत उभी केली. तिचं लग्न, तिचा हुंडा, नवऱ्याने तिचं नाव बदलून 'बर्था' करणं आणि मग माळा, असा तो प्रवास आहे. आग लागणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. म्हणूनच प्रत्येक सुखाचा क्षण वाचताना जीव मुठीत धरावा लागतो.

काही पुस्तकं मूळ कथा चालू असतानाच तिच्या पडद्यामागे घडतात. 'लाँगबोर्न' त्यातलंच. टॉम स्टॉपर्ड यांच्या 1966 मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकात 'हॅम्लेट'मधले रोझेनक्रांट्झ आणि गिल्डनस्टर्न हे दोन किरकोळ मित्र आपली प्रवेशाची वेळ येईपर्यंत नाणं उडवत बसतात. आपण कोणत्या कथेत आहोत हेच त्यांना कळत नाही.

उरलेली पुस्तकं सगळं आटोपल्यावर बोलतात. मार्गारेट ॲटवुड यांच्या 'द पेनेलपियाड'मध्ये (2005) पेनेलपी मृतांच्या लोकातून बोलते. तिच्या बोलण्यात मधूनमधून बारा दासींचा समूहस्वर घुसतो. होमरच्या 'ओडिसी'त नायक घरी परतल्यावर त्याच्या मुलाने एकाच दोराला फासावर लटकवलेल्या त्या बारा जणी. महाश्वेता देवींची निषादीही याच रांगेतली.

तिसरी परीक्षा : भाषा बदलली का?

पात्र बदललं पण बोलणं मूळ लेखकाचंच राहिलं, तर पुनर्कथन अर्धवट होतं. सारथी राजपुत्रासारखा बोलत असेल किंवा दासीच्या तोंडी विद्यापीठातलं व्याख्यान आलं असेल, तर तिथे थबकावं.

पर्सिव्हल एव्हरेट यांची 'जेम्स' (2024) या कसोटीसाठी वाचावी. मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन'मध्ये हकसोबत तराफ्यावरून पळणारा गुलाम जिम मोडक्यातोडक्या बोलीत बोलतो. एव्हरेट यांचा जेम्स आपल्या माणसांत स्वच्छ, प्रमाण इंग्रजी बोलतो आणि गोरा माणूस दिसला की मुद्दाम ती मोडकी बोली तोंडावर चढवतो. घरातल्या लहान मुलांना तो ही बोली शिकवतो, कारण ती नीट बोलता आली नाही तर जिवावर बेतेल. ट्वेनच्या कादंबरीतला एकही संवाद यामुळे खोटा ठरत नाही, आणि तरीही प्रत्येक संवादाचा अर्थ बदलतो. या कादंबरीला 2024 चं अमेरिकेचं नॅशनल बुक अवॉर्ड आणि 2025 चं पुलित्झर मिळालं.

मराठीत हीच नजर 'मृत्युंजय'वर लावून पाहावी. सहा जणांची निवेदनं आलटून पालटून वाचताना वृषाली आणि दुर्योधन यांच्या उपमा कुठून येतात, त्यांना काय दिसतं, काय दिसत नाही, हे वेगवेगळ्या रंगांच्या पेन्सिलींनी खुणावत जावं. कुठे आवाज स्पष्ट वेगळे होतात आणि कुठे सगळ्यांच्या मागे सावंतांचीच भरजरी शैली ऐकू येते, हे वाचकाचं वाचकालाच कळेल.

चौथी परीक्षा : जुना नायक बाहुला झाला का?

कोपऱ्यातल्या पात्राला न्याय देताना मधल्या पात्राला काळं फासायचं, हा या प्रकारातला सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक मार्ग आहे. कर्णाला मोठं करायचं म्हणून अर्जुन भित्रा, शूर्पणखेला मोठं करायचं म्हणून लक्ष्मण क्रूर. एवढंच जमलं असेल तर पारडं नुसतं उलटलं, वजन कुणीच केलं नाही.

ऱ्हिस यांनी काय केलं ते पाहावं. आंत्वानेतचा संसार मोडणाऱ्या नवऱ्यालाच त्यांनी कादंबरीच्या दुसऱ्या भागाचं बरंचसं निवेदन दिलं. तो धाकटा मुलगा आहे, बापाने पैशासाठी त्याचं लग्न लावलं आहे, तापाने फणफणलेला आहे, त्या हिरव्यागर्द बेटाची त्याला भीती वाटते. त्याचा अन्याय तसूभरही कमी होत नाही, पण तो करणारा माणूस राहतो, राक्षस होत नाही. एस. एल. भैरप्पांच्या 'पर्व'मध्येही (मूळ कन्नड 1979, मराठी अनुवाद उमा कुलकर्णी) हा तोल आहे. चमत्कार काढून टाकल्यावर दोन्ही बाजूंची माणसं थकलेली, घाबरलेली, हिशोबी दिसतात. एम. टी. वासुदेवन नायर यांच्या 'रंडामूळम्' (1984) या मल्याळम कादंबरीच्या शीर्षकाचा अर्थ 'दुसरी पाळी' असा आहे. थोरला भाऊ राजा आणि धाकटा धनुर्धर. दोघांच्या मध्ये कायम दुसऱ्या पाळीवर राहिलेला भीम तिथे बोलतो. भावांवरची त्याची माया आणि राग एकाच वाक्यात येतात.

पाचवी परीक्षा : आता कोण गप्प आहे?

हा प्रश्न पुस्तक मिटल्यावर विचारायचा. एकाला आवाज मिळाला की दुसरं कुणीतरी कोपऱ्यात सरकतं. खांडेकरांनी शर्मिष्ठेला बोलतं केलं, पण बापाचं म्हातारपण घेणाऱ्या पुरूची बायको? गिरीश कार्नाडांनी 1961 च्या आपल्या 'ययाति' नाटकात तिला आणलं. नुकतंच लग्न झालेली चित्रलेखा एका रात्रीत म्हातारा झालेला नवरा पाहते आणि तरुण झालेल्या सासऱ्याला जाब विचारते. ऱ्हिस यांच्या कादंबरीतली ख्रिस्तोफीन ही कृष्णवर्णीय दाई मध्येच निघून जाते. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी 1985 च्या एका प्रसिद्ध निबंधात त्यावर बोट ठेवलं. गोऱ्या क्रिओल मुलीची कैफियत ऐकताना या बाईचं काय, असा तो मुद्दा आहे.

मूळ आधी की नवं आधी?

शक्य असेल तिथे मूळ आधी. मात्र 'मूळ' म्हणजे काय, हे नीट पाहावं, कारण आपल्या मनातलं महाभारत हे बरंचसं कीर्तनं, नाटकं, मालिका आणि कादंबऱ्या यांचं मिश्रण असतं.

द्रौपदीने भर स्वयंवरात सूतपुत्राला वरण्यास नकार दिला, हा प्रसंग बहुतेकांना तोंडपाठ असतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने 1919 मध्ये हाती घेतलेली आणि 1966 मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती पाहिली, तर तो मुख्य संहितेत नाही. 1,259 हस्तलिखितं तपासून झालेल्या या कामात तो तळटीपांत गेला आहे. तसंच वृषालीचं. उद्योगपर्वात कर्ण कृष्णाला सांगतो की अधिरथाने माझी लग्नं लावून दिली, त्या बायकांपासून मला मुलं-नातवंडं झाली. बायकांची नावं तो सांगत नाही. 'मृत्युंजय'मधली वृषाली किती मोठी निर्मिती आहे, हे त्या एका वाक्याजवळ ठेवल्यावर समजतं.

सबंध महाभारत वाचून मगच कादंबरीला हात लावायचा, असा हट्ट मात्र नको. तेवढा प्रसंग काढून वाचावा. मराठीत चिपळूणकर आणि मंडळींचं जुनं भाषांतर अनेक सार्वजनिक वाचनालयांत मिळतं. चिकित्सित आवृत्तीचं बिबेक देबरॉय यांनी केलेलं दहा खंडांचं इंग्रजी भाषांतरही उपलब्ध आहे. कादंबरीतला प्रसंग कोणत्या पर्वात आहे ते शोधून दहा-पंधरा पानं वाचली तरी पुरे. वहीचं एक पान मधोमध दुमडावं. डावीकडे मूळ ग्रंथ त्या पात्राबद्दल काय सांगतो ते लिहावं, उजवीकडे कादंबरीकाराने काय घातलं ते. डावी बाजू बहुधा चार ओळींतच संपते.

कुठून सुरुवात करावी

या प्रकाराची ओळख नसलेल्या वाचकाने 'युगान्त'मधल्या गांधारी आणि कुंतीवरच्या लेखांपासून सुरुवात करावी. ते एका बैठकीत होतात. त्यानंतर 'ययाति'. 'मृत्युंजय' सातशेहून अधिक पानांची असल्याने तिला सुट्टीचे दिवस द्यावेत. रामायणाकडे वळायचं असेल तर तारा वनारसे यांची शूर्पणखेवरची 'श्यामिनी' घ्यावी. पंचवटीत जाऊन आलेल्या आणि नाशिकच्या नावामागची नाक कापल्याची दंतकथा ऐकलेल्या वाचकाला ती वेगळीच भिडते. तेलुगू लेखिका वोल्गा यांच्या 'विमुक्त' या कथासंग्रहात सीता शूर्पणखा, अहल्या, रेणुका आणि ऊर्मिला यांना एकेक करून भेटते. साहित्य अकादमीने 2015 साली गौरवलेलं हे पुस्तक आकाराने लहान आहे.

इंग्रजी वाचता येणाऱ्याने 'जेन एअर' आणि 'वाइड सारगासो सी' ही जोडी सर्वांत आधी घ्यावी. पहिली मोठी आहे, दुसरी दीडशे पानांच्या आसपास. ट्रॉयच्या युद्धाची आवड असेल तर पॅट बार्कर यांची 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स' (2018) वाचावी. 'इलियड'मध्ये अकिलीस आणि ॲगमेम्नॉन जिच्यावरून भांडतात ती ब्रिसेइस त्यात छावणीतले दिवस सांगते. शाळकरी मुलांना यातलं काहीच लगेच देऊ नये. त्यांच्याशी तोंडी खेळ खेळावा : सशा-कासवाची शर्यत वाटेतल्या झाडावर बसलेल्या चिमणीने सांगितली तर कशी होईल?

चार जणांनी मिळून वाचताना

वाचनकट्ट्यांना हा प्रकार फार मानवतो, कारण मूळ कथा सर्वांना थोडीफार ठाऊक असते आणि बोलायला संकोच वाटत नाही. तीन बैठका ठेवाव्यात. पहिल्या बैठकीत फक्त मूळ प्रसंग मोठ्याने वाचावा. जे दिसतं पण बोलत नाही अशा प्रत्येकाची यादी फळ्यावर करावी. सारथी, दासी, द्वारपाल, सगळे. दुसरी बैठक कादंबरीची. वरच्या पाच परीक्षा पाच जणांत वाटून द्याव्यात म्हणजे गप्पा 'आवडली, नाही आवडली' इथेच अडकत नाहीत. तिसऱ्या बैठकीला प्रत्येकाने फळ्यावरच्या यादीतलं एक नाव घेऊन एक पान लिहून आणावं.

श्रद्धेचा प्रश्न निघतोच. राम किंवा कृष्ण यांच्याकडे देव म्हणून पाहणारा माणूस गटात असेल तर त्याला गप्प बसवू नये. भासाने कैकेयीची बाजू लिहिली तेव्हा तोही रामकथेच्या आतच उभा होता, हे उदाहरण अशा वेळी उपयोगी पडतं.

स्वतः लिहायचं असेल तर

तिसऱ्या बैठकीतलं पान कधी कधी लांबत जातं. अशा वेळी काही गोष्टी आधीच ठरवाव्यात. आपलं पात्र त्या प्रसंगात कुठे उभं होतं, तिथून त्याला काय दिसू आणि ऐकू येऊ शकत होतं, याची काटेकोर यादी करावी. खोलीबाहेरच्या द्वारपालाला आतलं कुजबुजणं कळणार नाही. ही मर्यादाच कथेला ताण देते. त्या माणसाचं रोजचं काम शिकून घ्यावं. दारुक लिहायचा तर घोड्यांना पाणी कधी पाजतात, खरारा कसा करतात, हे कळायला हवं.

हक्कांचाही विचार करावा. महाभारत-रामायण सर्वांचं आहे, पण अलीकडच्या कादंबऱ्यांचं तसं नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष धरून साठ वर्षं कॉपीराइट टिकतो. खांडेकर 1976 साली गेले, म्हणजे त्यांची पुस्तकं 2036 अखेरपर्यंत संरक्षित आहेत. अमेरिकेत ॲलिस रँडल यांनी 2001 मध्ये 'गॉन विथ द विंड'ची कथा गुलामीत जन्मलेल्या एका मुलीच्या तोंडून सांगितली, तेव्हा मूळ लेखिकेच्या वारसांनी प्रकाशनावर बंदी मागितली. वरच्या न्यायालयाने बंदी उठवली आणि अखेर तडजोड झाली, पण तोवर बराच मनस्ताप होऊन गेला होता. हरि नारायण आपटे 1919 मध्ये गेले. त्यामुळे 'पण लक्षात कोण घेतो'मधल्या यमुनेची मैत्रीण दुर्गी कुणालाही बोलती करता येईल.

आणि आदिपर्वात अजून एक जण वाट पाहतो आहे. विदुराने पाठवलेला तो भुयार खणणारा. त्यालाही नाव नाही, महाभारत त्याला नुसतं 'खनक' म्हणतं. सकाळी गावकरी राख उपसू लागले, रडू लागले, तेव्हा तोही त्यांच्यात होता. घराची जागा साफ करतो आहे असं दाखवत त्याने भुयाराच्या तोंडावर माती लोटली आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पांडव जिवंत आहेत हे त्या गर्दीत एकट्या त्यालाच ठाऊक होतं. त्याच्यापासून हाताच्या अंतरावर ती बाई आणि तिची पाच मुलं पडली होती.